पीठ संपत आलंय, हे कोणाच्या लक्षात येतं?

नाशिकहून आलेलं पत्र, थोडक्यात:

लिहिणाऱ्या ४१ वर्षांच्या आहेत, सरकारी बँकेत अधिकारी. नुकतंच त्यांचं प्रमोशन झालं आणि बदली अकोल्याला आली. नवरा सातपूरला एका कारखान्यात प्रॉडक्शनला, मुलगा यंदा दहावीत. घरी सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई असतात, त्यांचे गुडघे दुखतात. “घरच्यांचा मला पहिल्यापासून पूर्ण पाठिंबा आहे,” असं त्या लिहितात. नवरा म्हणतो, “निर्णय तुझा आहे, मी अडवणार नाही. मी मदत करतोच.” सासूबाई म्हणतात, “मी बघेन कसंतरी.” त्यांची स्वतःची आई म्हणते, “आपल्याला काय कमी आहे? दहावीच्या वर्षाला पोराला टाकून कोणती आई जाते?” आणि मुलगा म्हणाला, “मग माझा डबा कोण करणार?” त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. (मुलगा लहान असताना नवरा तीन वर्षं चाकणला नोकरीला होता आणि शनिवार-रविवार घरी यायचा, असंही त्यांनी कंसात लिहिलंय.) प्रमोशन नाकारावं असं मनात येतं, आणि ते मनात आलं की रडू येतं. “ताई, मी स्वार्थी आहे का? नाव छापू नका. पण माझा नवरा दर रविवारी तुमचं सदर वाचतो. त्याने हे वाचलं तर चालेल.”

प्रिय मैत्रिणी,

आधी अभिनंदन! तुमच्या चार पानी पत्रात प्रमोशनची बातमी दुसऱ्या पानाच्या तळाशी आहे आणि तिच्याआधी ‘नेमकं याच वर्षी’ असे शब्द आहेत. जणू घरात काही विघ्न आलंय. पेढे वाटल्याचा उल्लेख कुठेच नाही. मुलाचा अभ्यास, सासूबाईंच्या गुडघ्यांना मलम, ओटा पुसणं, एवढं सगळं उरकून रात्री अकरानंतर तुम्ही परीक्षेची पुस्तकं उघडत होतात, असं लिहिलंय. त्या रात्रींचे पेढे बाकी आहेत. आज संध्याकाळी पाव किलो आणा. कोणी विचारलं कशाचे, तर ‘माझ्या प्रमोशनचे’ एवढंच सांगा. पुढे ‘पण’ लावू नका.

आता तुमचा प्रश्न. ‘मी स्वार्थी आहे का?’ याचं उत्तर मी देणार नाही. हा प्रश्न कोणीतरी तुमच्या हातात ठेवलाय आणि तुम्ही तो धरून बसला आहात. पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ मात्र तुम्ही कंसात टाकलीत: नवरा तीन वर्षं चाकणला होता. मी तो कंस काढते आणि विचारते, तेव्हा काय काय झालं होतं? तुमच्या हिशेबाने मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता, म्हणजे आजच्यापेक्षा कितीतरी परावलंबी. ‘बालवाडीच्या वयात पोराला टाकून कोणता बाप जातो?’ असं कोणी म्हणालं का? नवऱ्याने तरी रात्री छताकडे बघत स्वतःला विचारलं का? माझा अंदाज असा, की शनिवारी रात्री तो आला की घरात त्याच्या आवडीचं शिजत असणार, रविवारी आठवड्याचे कपडे धुऊन वाळत पडत असणार आणि सोमवारी पहाटे बॅगेत चिवड्याचा डबा जात असणार. नातेवाईक म्हणत असतील, ‘बिचारा घरासाठी किती धावपळ करतो.’ ते खरंही होतं, तो घरासाठीच गेला होता. मग तुम्ही कोणासाठी चालला आहात? तुमचा वाढलेला पगार कोणत्या दुसऱ्या घरात जाणार आहे?

अकोल्याची गाडी भुसावळ सोडल्यावर मलकापूर, शेगाव करत बुलढाणा जिल्ह्यातून जाते. त्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’मध्ये जाब विचारला होता, की बाईला एक माप आणि पुरुषाला दुसरं, हे कसं? त्यांच्यासमोरचं वास्तव फार क्रूर होतं, आपल्या बदली-प्रमोशनशी त्याची बरोबरी नको. पण दोन मापांची गोष्ट तुम्हाला एकटीलाच खटकली असं वाटत असेल, तर खिडकीतून जरा बाहेर बघा.

‘निर्णय तुझा आहे’ हे वाक्य तुम्ही पाठिंब्याच्या खात्यात जमा केलंय. तुम्ही बँकेतल्या, तेव्हा जमेबरोबर नावेची बाजूही बघा. त्यात मोकळीक आहे, मान्य. पण निर्णय तुझा म्हणजे परिणामही तुझे. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा होईल, निकाल लागेल, आणि मुलाला ८५ ऐवजी ७८ टक्के पडले, तर ते सात टक्के कोणाच्या नावे पडतील? चाकणचा निर्णय ‘आपला’ होता. अकोल्याचा ‘तुझा’ कसा झाला? तुमचा नवरा हे काही डाव रचून बोललेला नाही, त्याला मनापासून वाटतंय की आपण उदार आहोत. म्हणूनच हे त्याच्याशी बोलता येण्यासारखं आहे.

तसंच ‘मी मदत करतोच’. पत्रावरून माणूस चांगला वाटतो. भाजी आणतो, आईला दवाखान्यात नेतो, दळण टाकतो. पण दळणाचंच घ्या. स्कूटरवर डबा ठेवून गिरणीत जाऊन येणं हे दहा मिनिटांचं काम. त्याच्याआधी जे असतं ते दिसत नाही. पीठ परवापर्यंतच पुरेल हे डब्यात हात घातल्यावर कळणं, उद्या गिरणी बंद असते हे आठवणं, गहू निवडलेत का ते बघणं, गुरुवारी पाहुणे म्हणजे दोन किलो जास्त हे धरणं. सासूबाईंना भाकरी लागते म्हणून ज्वारी वेगळ्या पिशवीत बांधायची, ‘गव्हावर गहूच टाकायला सांगा’ म्हणून बजावायचं, आणि नवऱ्याचा मूड बघून ‘अरे, जरा दळण टाकतोस का?’ असं म्हणायचं. हे सगळं ज्याच्या डोक्यात आहे, काम त्याचं. डबा नेणारा मदतनीस. मदतनिसाला नाही म्हणता येतं, विसरता येतं, आणि डबा नेल्याबद्दल त्याचं कौतुकही होतं.

असं दळण घरात एकच नसतं. सिलिंडर कधी लावला, फीची शेवटची तारीख कोणती, सासूबाईंच्या गोळ्यांची पट्टी संपायला किती दिवस, मावसनणंदेने आपल्याकडच्या मुंजीत काय आहेर केला होता आणि आता तिच्याकडे काय न्यायचं. ही वही कुठेही लिहिलेली नाही. ती तुमच्या डोक्यात आहे. म्हणून तुम्ही अकोल्याचं नाव काढलंत की घराला वाटतं, वहीच चालली.

हे तुमच्याच घरी आहे असं समजू नका. लोक दिवसाचे २४ तास कसे घालवतात याची देशभर पाहणी केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केली आणि पुन्हा २०२४ मध्ये केली. २०१९ मध्ये घरकाम करणारी बाई त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं घालवत होती आणि घरकाम करणारा पुरुष ९७. २०२४ मध्ये हेच आकडे २८९ आणि ८८ असे आले. दोघांचीही मिनिटं थोडी घटली. मधलं अंतर मात्र २०२ वरून २०१ वर आलं. पाच वर्षांत एक मिनिट! आणि ही मिनिटं सगळ्या पुरुषांची नाहीत, त्या दिवशी काहीतरी घरकाम केलेल्यांचीच आहेत. २०१९ मध्ये असे पुरुष शंभरात साधारण २६ होते. तुमचा नवरा त्या २६ मधला आहे, हे मी त्याच्या बाजूने नोंदवून ठेवते. पीठ संपत आल्याचं लक्षात ठेवायला किती मिनिटं लागतात, ते मात्र घड्याळ लावून मोजता येत नाही. ते काउंटरवर माणसांची रांग असतानाही डोक्यात चालूच असतं.

वर गंमत अशी की आपल्याकडे याला ओझं म्हणत नाहीत, याचं कौतुक करतात. ८ मार्चला तुम्हाला बँकेत गुलाब मिळत असेल. ‘घर आणि नोकरी ही तारेवरची कसरत लीलया करणाऱ्या आमच्या भगिनी’ असं कोणीतरी माइकवर म्हणत असेल. तारेवरच्या बाईला खाली उतरायला कोणी शिडी आणत नाही, टाळ्या वाजवतात. पुरुष अधिकारी निवृत्त होतो तेव्हाची भाषणंही तुम्ही ऐकलीत: ‘वहिनींची समर्थ साथ लाभली म्हणूनच साहेब इथवर आले.’ तुमच्या निरोप समारंभात कोणी म्हणेल का, की ‘यजमानांनी घर सांभाळलं म्हणूनच मॅडम इथवर आल्या’? म्हणालंच तर हॉलमध्ये हशा पिकेल.

नियमसुद्धा याच चष्म्यातून लिहिले जातात, आणि तेही चांगल्या हेतूने. केंद्र सरकारी नोकरीत मुलांच्या संगोपनासाठी एकूण ७३० दिवसांची रजा आहे. बाईला ती मिळते. पुरुषाला मिळते, पण तो एकटा पालक असेल तर. म्हणजे घरात आई आहे म्हटल्यावर बापाला दहावीच्या पोरासाठी रजा कशाला, असा त्याचा अर्थ. तुमच्या क्षेत्रातलंच सांगायचं तर २०१४ मध्ये अर्थ मंत्रालयाने सरकारी बँकांना कळवलं, की विवाहित महिला कर्मचाऱ्याने विनंती केली तर शक्यतो नवऱ्याच्या गावी किंवा त्याच्या जवळपास नेमणूक द्यावी. या सवलतीला मी नावं ठेवत नाही, उलट पुढे तुम्हाला ती वापरायलाच सांगणार आहे. पण घर म्हणजे नवरा जिथे असेल ते गाव, हे त्यात न बोलता ठरलेलं आहे, एवढं ध्यानात असू द्या.

आता थोडं टोचणारं. तुम्ही लिहिता, ‘माझ्याशिवाय घरात पान हलत नाही.’ ही तक्रार आहे, पण मला त्यात किंचित अभिमानही ऐकू आला. मला तो ओळखता येतो, कारण माझ्याकडेही होता. काही वर्षांपूर्वी बहिणीच्या ऑपरेशनसाठी मला दहा दिवस बाहेर राहावं लागलं. जाण्याआधी मी स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवली, शेजारच्या काकूंना सांगून ठेवलं, फ्रिज भरून ठेवला. चौथ्या दिवशी फोन केला तर नवरा म्हणाला, “सगळं ठीक आहे, तू काळजी करू नकोस.” मला बरं वाटायला हवं होतं. मला राग आला! परत आले तर मिसळणाचा डबा आणि चहा-साखर वरच्या फळीवरून खाली ओट्याजवळ आलेली. बावीस वर्षं मी चवड्यांवर उभी राहून ते डबे काढत होते. खरं तर ही जागा जास्त सोयीची होती. तरी मी त्याच संध्याकाळी सगळं पुन्हा वर ठेवलं. आठवड्याने डबे परत खाली आले, तेव्हा मात्र गप्प बसले.

बाहेरच्या जगात आपल्याला जागा मिळेपर्यंत आपल्या आज्यांना आणि आयांना हेच एक राज्य होतं. ते सोडताना हात अडखळणं स्वाभाविक आहे. पण नवऱ्याने जाड पोळी लाटली की आपण लाटणं हातातून काढून घेतो, आणि मग ‘त्याला काही येत नाही’ म्हणतो. हे तुम्ही किती वेळा केलंत, ते स्वतःशीच मोजा. मला कळवायची गरज नाही.

तुमच्या मुलाच्या वाक्यावर मी बराच वेळ थांबले. ‘माझा डबा कोण करणार?’ ऐकून तुम्हाला अपराधी वाटलं, तुमच्या एखाद्या मैत्रिणीला कदाचित रागही येईल, की बघा, पोरगं आत्ताच कसं बोलतंय. मला वाटतं, दोन्ही घाईचं आहे. पंधरा वर्षांचा मुलगा ‘आई, मला तुझ्याशिवाय करमणार नाही’ असं म्हणत नाही. मुलांना असं बोलायला आपण शिकवलेलंच नसतं. ते डब्याच्या भाषेत बाहेर येतं. त्यामुळे त्याला दोन वेगवेगळी उत्तरं द्या. डब्याचं उत्तर सोपं आहे: बाबा करतील, आणि आठवड्यातून दोनदा तू करशील. कुकर लावणं, पोहे, अंडाभुर्जी, उपमा, एवढं यायला उन्हाळ्याची सुट्टी लागत नाही, चार रविवार पुरतात. ‘दहावीच्या मुलाला कामाला लावलं’ असं कोणी म्हणालंच, तर शेजारपाजारची दहावीतली एखादी मुलगी आठवा. पाहुणे आले की चहा कोण ठेवतं? तिचं दहावीचं वर्ष नसतं का?

दुसरं उत्तर आईचं, आणि ते वेळ काढून द्या. रोज रात्री फोन किती वाजता, भूमितीत अडलं तर कोणाला विचारायचं, पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात तुम्ही रजा काढून येणार की नाही. नाशिकरोडला रात्री गाडीत बसलं की पहाटे अकोला, परतीचंही तसंच. दुसरा आणि चौथा शनिवार बँका बंद असतात, म्हणजे महिन्यातून दोनदा पूर्ण दोन दिवस हातात आहेत. चाकणहून येणाऱ्या बापाला तुमच्या मुलाने तीन वर्षं प्रेमाने धरून ठेवलं, ते शनिवार-रविवारवरच. तो आईलाही धरून ठेवेल.

जाता जाता शाळेचं. तुम्ही लिहिलंय की वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात सगळ्या आयाच आहेत आणि गटाचं नावही तसंच आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाच्या नावानंतर आईचं नाव, मग वडिलांचं, असा क्रम झालाय. चांगलंच झालं. पण कागदावर आई आत्ता आली; डबा, गृहपाठ आणि पालकसभेत ती आधीपासून एकटीच बसलेली होती. उद्याच शाळेत कळवून संपर्कासाठी पहिला नंबर नवऱ्याचा द्या, आणि गटातून तुम्ही बाहेर पडून त्याला आत घाला. पहिले आठ दिवस तो ‘उद्या निळ्या रंगाचा कार्डशीट आणणे’ हा निरोप रात्री साडेअकराला वाचेल. वाचू दे.

सासूबाईंचं मला सर्वांत जास्त वाटतं. ‘मी बघेन कसंतरी’ यातला ‘कसंतरी’ तुम्ही ऐकलात का? त्यांच्या गुडघ्यांवर स्वयंपाकघर टाकून तुम्ही अकोल्याला गेलात, तर ओझं एका बाईवरून दुसरीवर सरकलं, बदललं काहीच नाही. त्यांना एकट्या गाठून विचारा, की तुम्हाला नेमकं काय जमेल आणि काय नको आहे. कदाचित त्या म्हणतील, नातवाशी संध्याकाळी गप्पा मारेन, पण ओट्याशी उभी राहणार नाही. तेवढंच ठरवा. राहिलेल्यासाठी पोळ्यांच्या मावशी लावा. फक्त ‘माझ्या पगारातून मावशी लावते’ हे वाक्य आपल्या घरातून हद्दपार करा. पोळ्या तुमच्या एकटीच्या पोटात जात नाहीत, पैसे घरखर्चातून जाऊ देत. आणि मावशींनाही घर आहे, त्यांच्याही मुलाची कधीतरी दहावी असेल. त्यांच्या हक्काच्या सुट्ट्या आधीच ठरवा, म्हणजे त्या आल्या नाहीत म्हणून अकोल्याला फोन यायला नको.

बँकेच्या बाजूचं पटकन सांगते, कारण यात भावनेचा प्रश्न नाही, कागदाचा आहे. तुम्ही लिहिलंय, ‘नाकारलं तर पुढे काय होईल माहीत नाही.’ आधी ते माहीत करून घ्या. प्रमोशन नाकारल्यावर पुन्हा किती वर्षांनी बसता येतं, ज्येष्ठता जाते का, बाहेरगावची मुदत किती, हे तुमच्या बँकेच्या प्रमोशन आणि बदलीच्या धोरणात लिहिलेलं असतं. चहाच्या वेळी कोणीतरी सांगितलेलं धरू नका, परिपत्रक मिळवा, अधिकारी संघटनेच्या माणसाला भेटा. त्यातच महिलांच्या बदलीची तरतूदही बघा आणि जवळच्या शाखेसाठी लेखी विनंती करा. मुलाची बोर्डाची परीक्षा आणि सासूबाईंचं आजारपण, दोन्ही लिहा. सवलत मागितली म्हणून तुमचं प्रमोशन काही अर्धं होत नाही. फक्त विनंती मान्य होईल या भरवशावर घरातलं बोलणं पुढे ढकलू नका. जवळचं गाव मिळालं तरी दळण तुमच्याच डोक्यात राहिलं, तर काय मिळवलं?

आणि घरातलं बोलणं कसं करायचं? ‘मी जाऊ का?’ असं विचारू नका, त्या प्रश्नात परवानगी आहे. ‘तू दहावीचं वर्ष कसं निभावणार आहेस?’ असं विचारा आणि गप्प बसा. त्याने ‘तू यादी करून दे, मी तसं करतो’ म्हटलं, तर इथेच घोटाळा आहे. यादी करणं हेच तर काम आहे! यादी त्याने करायची. कारखान्यात तो कच्चा माल किती उरला, ऑर्डर कधी द्यायची, कोणत्या मशिनला कोणत्या दिवशी सर्व्हिसिंग, हे सगळं कोणाच्या आठवणीशिवाय सांभाळतो ना? मग डोकं तर आहे. ते घरात लावलेलं नाही, इतकंच.

रुजू व्हायला तुमच्याकडे पाच आठवडे आहेत. त्यातले पंधरा दिवस असे काढा, की तुम्ही नाशकातच आहात पण अकोल्यात असल्यासारख्या. सकाळी बँकेत जा, संध्याकाळी या, मुलाशी बोला, जेवा. पण आठवण करून द्यायची नाही, सुचवायचं नाही, कपाळावर आठी घालून ओट्याकडे बघायचं नाही. पीठ संपलं तर संपलं. एक दिवस ब्रेड खाल्ल्याने कोणी दहावीला नापास होत नाही. पहिला आठवडा वाईट जाईल, आणि तुम्हाला नवऱ्यापेक्षा जास्त त्रास होईल. दुसऱ्या आठवड्यात काय बसतं आणि काय बसत नाही ते तिघांनाही दिसेल. मग जे बसत नाही त्याबद्दल बोला. ते बोलणं ‘आई गेली तर’ अशा भीतीतून होणार नाही, समोर दिसलेल्या गोष्टींवर होईल.

हे सगळं करून तुम्हाला वाटलं की नको, हे एक वर्ष मला मुलाजवळ राहायचंय, तर राहा. मी नाराज होणार नाही. नोकरीत पुढे जाणं हेच बाईचं एकमेव शहाणपण, असं मी मानत नाही. तीही एक सक्तीच झाली, फक्त नव्या कापडाची. पण तसं ठरवलंत तर कारण स्वतःच्या शब्दांत एका कागदावर लिहून ठेवा: ‘मला राहायचं होतं म्हणून राहिले.’ असं लिहिताना हात थांबला, तर समजा की निर्णय अजून झालेला नाही. ‘तुमच्यासाठी मी प्रमोशन सोडलं’ हे बिल मोठं विचित्र असतं. त्यावर तारीख नसते. ते मुलाच्या बारावीला निघतं, नवऱ्याच्या निवृत्तीला निघतं आणि शेवटी सुनेसमोर निघतं, जिचा त्यात काहीच संबंध नसतो.

तुमच्या आईला काय सांगायचं, असं तुम्ही ताजा कलममध्ये विचारलंय. वाद घालू नका. ‘आई, त्याचा बाप घरी आहे’ एवढंच सांगा. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच. माझा अनुभव असा आहे की तिसऱ्यांदा आया विषय बदलतात.

हे वाचणाऱ्या काहीजणी म्हणतील, अधिकारीबाईंचं ठीक आहे, आमचं काय? रात्रपाळी करणाऱ्या नर्स आहेत, बंदोबस्तावर दिवस दिवस उभ्या राहणाऱ्या पोलीस आहेत, दुकानात दहा तास उभ्या असणाऱ्या मुली आहेत. बदली-प्रमोशन तुमच्या वाट्याला नसेल, दळण आहेच. मावशी परवडत नसतील तर काम घरातल्या माणसांतच वाटावं लागेल, आणि त्याची सुरुवात एका पूर्ण कामापासून करा. ‘थोडी थोडी मदत’ नको. सिलिंडर म्हणजे त्याचं बुकिंग, पैसे, तो घरी येईल तेव्हा दाराशी असणं, सगळं एकाकडे. आणि ज्यांच्या घरी असं बोलायला गेलं की आवाज चढतो, हात उठतो, त्यांच्यासाठी ही पंधरा दिवसांची परीक्षा नाही. त्यांनी आधी १८१ या महिला हेल्पलाइनवर बोलावं.

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याने हे वाचलं तर चालेल. मग शेवटच्या चार ओळी त्यांच्यासाठी.

नमस्कार. बायकोचं प्रमोशन झालंय, पेढे तिला आणायला सांगितले होते, पण तुम्हीच आणलेत तर जास्त शोभेल. येताना पिठाच्या डब्यात हात घालून बघा, किती दिवसांचं उरलंय. आणि तुमच्या भागातली गिरणी कोणत्या वारी बंद असते, ते बायकोला विचारू नका. गिरणीवर जाऊन विचारा.